रेषेवर डोळा

हडपसरच्या मैदानावर एक बोलणं रूढ झालं होतं: बाईंनी वाजवली म्हणजे वाजली. बाई म्हणजे मी, सुशीला हिंगणे, शाळेतली पी.टी.ची शिक्षिका आणि कबड्डीची पंच. वाजली ती माझी शिट्टी. हे बोलणं मी पसरवलं नव्हतं, पण कानावर आलं की ऐकून न ऐकल्यासारखं करायची आणि पुढे दोन दिवस खुशीत असायची. सव्वीस वर्षांत दिलेला निर्णय मी एकदाही मागे घेतला नव्हता. खेळाडू भांडले, त्यांचे भाऊ भांडले, एकदा तर एक आमदार भांडायला मैदानात उतरले. त्यांना मी म्हटलं, "साहेब, विधानसभा तिकडे मुंबईत. इथे रेषेच्या बाहेर उभे राहा." ते राहिले.

माझं गुपित साधं होतं. नवे पंच खेळाडूकडे बघत बसतात. खेळाडू हुशार असतो, तो हातवारे करतो, पडतो, ओरडतो, आणि पंचाची नजर त्याच्यामागे फरफटत जाते. मी रेषेकडे बघायची. "रेषेवर डोळा ठेवा, पाय आपोआप तिथे येतो," हे मी पंचांच्या शिबिरात इतक्या वेळा सांगितलं आहे की मुली माझी नक्कल करताना हेच वाक्य म्हणायच्या, कमरेवर हात ठेवून.

दोन हजार चारच्या जानेवारीत शाळेच्या मैदानावर कवायत घेताना माझं डोकं भणभणलं आणि मी खाली बसले. उठले तेव्हा डावीकडच्या रांगा नव्हत्या. मुली पळाल्या कुठे म्हणून मी ओरडले. मुली जागच्या जागी उभ्या होत्या, हात वर करून, मी "खाली" म्हणायची वाट बघत.

डॉक्टर म्हणाले, डोळे ठणठणीत आहेत. मेंदूच्या मागच्या भागाला थोडा वेळ रक्त पोचलं नाही, तेवढा भाग गेला. मला वाटलं होतं डावा डोळा गेला असेल, त्यावर फडकं बांधू आणि उजव्याने बघू. तसं नव्हतं. कुठल्याही डोळ्याने बघा, नजर जिथे लावाल त्याच्या डावीकडचं जग संपलेलं. काळोखही नाही, काहीच नाही. ताटातली डावीकडची चटणी-कोशिंबीर तशीच राहायची आणि मी उत्कर्षाला टोमणा मारायची, "आज डावी बाजू वाढायची राहिली वाटतं." ती ताट फिरवायची.

उत्कर्षा माझी मुलगी. घरात आम्ही दोघीच. ती सॉफ्टवेअर कंपनीत आहे. ज्या वावरात मी लहानपणी हरभऱ्याचे डहाळे खाल्ले, तिथे आता काचेची सहा मजली इमारत आहे आणि तिच्या चौथ्या मजल्यावर माझी मुलगी बसते. तिने इंटरनेटवर रात्रंदिवस शोधाशोध करून कागदांचा गठ्ठा ऑफिसात छापून आणला. अर्धी नजर गेलेल्या माणसांसाठी परदेशात एक चष्मा करतात म्हणे. पुण्यात तो कोण करणार, तर रविवार पेठेतले करीमभाई. त्यांच्या वडिलांनी माझ्या वडिलांचा चष्मा केला होता.

करीमभाईंनी ते कागद तीनदा वाचले, मुंबईच्या कुणाला तरी फोन केले आणि तीन आठवड्यांनी मला बोलावलं. चष्म्याच्या डाव्या काचेवर वरच्या बाजूला एक आणि खालच्या बाजूला एक अशा दोन पट्ट्या चिकटवल्या होत्या. पातळ प्लास्टिकच्या, बारीक रेघारेघांच्या. मधली काच साफ. त्यांनी मला टेबलासमोर बसवलं.

"बाई, माझ्या नाकाकडे बघा. मान हलवायची नाही. खाली टेबलावर काय दिसतंय?"

"बशी. बशीत कप आहे."

"कप उचला."

मी हात घातला. बोटं हवेतच मिटली. करीमभाई हसले नाहीत.

"बशी उजव्या हाताला आहे, ती खरी तिथेच आहे. कप माझ्या हातात आहे, तुमच्या डावीकडे, जिकडे तुम्हाला दिसत नाही. ही पट्टी डावीकडचं उचलते आणि उजवीकडच्यावर आणून ठेवते. उजवा डोळा बशी बघतो, डावा डोळा पट्टीतून कप बघतो आणि डोकं दोन्ही मिळून एकच चित्र करतं. कधी कप ठळक, कधी नुसती बशी. डोकं ज्याला निवडेल ते."

"जादूचा खेळच आहे की."

"जादू नाही बाई, चौकीदार आहे. पट्टीत काही हललं तर समजायचं, डावीकडे कोणीतरी आलं. मग मान वळवायची आणि मधल्या साफ काचेतून बघायचं. पट्टीत दिसलं त्यावर हात टाकायचा नाही. एवढं वचन द्या मला."

मी दिलं. वचन द्यायला काय जातं?

उत्कर्षाने दुकानाच्या पायरीवरच दुसरं वचन मागितलं. "आई, हा चष्मा रस्ता ओलांडायला आहे. मैदानावर शिट्टी घेऊन उभं राहायला नाही."

"वेडी आहेस का तू?" मी म्हटलं. हे उत्तर नव्हतं, पण तिला ते उत्तर वाटलं आणि मी ते तसंच वाटू दिलं.

पहिले दोन महिने फार वाईट गेले. सोलापूर रस्त्यावर भाजीच्या हातगाडीमधून रिक्षा आरपार निघायची आणि टोमॅटो जागचे हलायचे नाहीत. दुधाच्या टपरीवर बस चढायची, टपरीवाला तिच्याखाली निवांत पिशव्या मोजत असायचा. मी दचकून मागे सरायची आणि मागचा माणूस म्हणायचा, "काकू, ब्रेक लागले का?" पण सवय लागली. पट्टीत हललं की मान आपोआप डावीकडे जायला लागली. पावसाळा संपेपर्यंत मी एकटी गाडीतळापर्यंत जाऊन भाजी आणू लागले आणि माझ्या अंगात जुनं वारं भरलं.

डिसेंबरात जिल्ह्याची महिला कबड्डी स्पर्धा आमच्याच मैदानावर होती. चार दिवस, दुपारी तीन ते अंधार पडेपर्यंत. जिंकणारा संघ राज्य स्पर्धेला जाणार होता, आणि तिथल्या प्रमाणपत्राला पोलीस भरतीत वजन होतं. खेड्यापाड्यातून आलेल्या त्या मुलींना ढाल नको होती, तो कागद हवा होता. पंचांची यादी आप्पासाहेब करत होते. आप्पासाहेब म्हणजे आमचे सरपंच. कबड्डीत सामन्याच्या मुख्य पंचाला सरपंच म्हणतात, गावच्या राजकारणाशी त्याचा संबंध नाही. सदुसष्ट वर्षांचे, कारखान्यातून निवृत्त, बोलणं मोजकं आणि तिखट.

"बाई, चष्मा नवा दिसतोय. त्यावर पट्ट्या कसल्या?"

"मोतीबिंदूच्या."

"डोळे बरे आहेत ना?"

"तुमच्यापेक्षा बरे आहेत," मी म्हटलं. त्यांनी माझं नाव लिहिलं.

मी खोटं का बोलले, ते सरळच सांगते. मला भीती वाटत होती. शाळेने मला आधीच ग्रंथालयात बसवलं होतं, पुस्तकांवर शिक्के मारायला. शिट्टीही गेली असती तर माझं काय उरणार होतं? अर्धं ताट आणि अर्धा रस्ता. त्या मैदानावर माझ्याशी कुणी जपून बोलत नव्हतं, तिथे लोक मला घाबरत होते, आणि ते मला हवं होतं.

पहिले तीन दिवस झकास गेले. तिसऱ्या दिवशी उपांत्य सामना हडपसर विरुद्ध स्वारगेटचा संघ असा होता. शेवटच्या मिनिटाला बरोबरी होती आणि स्वारगेटची ललिता चढाईला आली, ठेंगणी, चपळ, सबंध सामन्यात एकदाही न पकडलेली. तिला कडेला दोघींनी धरलं, झटापट झाली आणि तिचा पाय रेषेबाहेर पडला. मी वाजवली. ललिता उठली, माझ्याकडे एकदा बघितलं, हात जोडले आणि बाहेर जाऊन बसली. एका गुणाने स्वारगेट हरलं. त्यांच्यापैकी कुणी चकार शब्द काढला नाही. मी त्या रात्री उत्कर्षाला मुद्दाम सांगितलं, "हल्लीच्या पोरींना शिस्त नाही म्हणतात, पण आज एक पोरगी बघितली." उत्कर्षाला वाटत होतं की मी व्यासपीठावर पाहुणी म्हणून बसते.

चौथ्या दिवशी अंतिम सामना, हडपसर विरुद्ध वाघोली. मैदान खच्चून भरलं होतं. तीन बाजूंनी माणसं आणि चौथ्या बाजूला आयटी पार्कची नवी भिंत. आमच्या मुलींच्या अंगात कुठल्याशा कंपनीचे पिवळे शर्ट, वाघोलीच्या मुलींच्या अंगात प्रत्येकीच्या घरचे. हडपसरच्या संघातल्या दोघी माझ्या शाळेच्या होत्या. वाघोलीकडच्या एका माणसाने मला ऐकू येईल असं म्हटलं, "पंच बी हितलीच हाय, मंग काय." मी त्याच्याकडे बघितलं. तो गप्प झाला.

मी कुठे उभी होते ते नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. मैदानाच्या लांब कडेला, मध्यरेषेच्या टोकाशी माझी जागा. समोरच्या कडेला दुसरे पंच. चढाई डाव्या अर्ध्यात गेली की मी डावीकडे तोंड करून रेषेच्या कडेकडेने सरकायची, तेव्हा मैदान माझ्या उजव्या हाताला यायचं आणि सगळं स्वच्छ दिसायचं. चढाई उजव्या अर्ध्यात गेली की उजवीकडे तोंड करून सरकायची, तेव्हा सगळा खेळ माझ्या डाव्या हाताला यायचा. जिकडे मला काही दिसत नाही तिकडे. तिथे मान सतत फिरवत राहायची, आणि मी ती फिरवत होते. चार दिवसांत मानेला कळ लागली होती.

शेवटची सहा मिनिटं उरली. वीस-वीस बरोबरी. वाघोलीची द्वारका चढाईला आली, उजव्या अर्ध्यात. उंच, हाडकुळी, विटकरी रंगाचा शर्ट, दम इतका पक्का की तिचं "कबड्डी, कबड्डी" मागच्या रांगेतल्या माणसालाही ऐकू येत होतं. मध्यंतरानंतर मैदानावर आणि कडेला पाणी मारून माती सारखी केली होती, चुन्याची रेषा नव्याने आखली होती. द्वारका माझ्या बाजूच्या कोपऱ्यात शिरली, तिथल्या मुलीला शिवली, वळली आणि तिघींनी तिला धरलं. चौघींचा एक गठ्ठा रेषेकडे सरकत आला. लोक उभे राहिले. आवाज एवढा की मला माझा श्वास ऐकू येईना.

आणि मी तेच केलं जे सव्वीस वर्षं करत आले होते. रेषेवर डोळा ठेवला.

पांढरी रेषा समोर ठळक होती. तिच्या उजवीकडे बाहेरची ओली, तांबडी माती. खाली, चष्म्याच्या कडेपाशी एक पाय आला, अनवाणी, टाच उचललेली, आणि तो रेषेच्या पलीकडे मातीत टेकला. स्पष्ट दिसला, अंगठ्याच्या नखासकट.

मी वाजवली. "चढाई बाद!"

मग मान वळवली. वळवायची सवय होती म्हणून वळली, दुसरं काही कारण नव्हतं. साफ काचेतून बघितलं. द्वारका रेषेच्या आत पडली होती. तिच्या पायाच्या बोटांच्या खुणा मातीत खोल उमटल्या होत्या, रेषेच्या हातभर आत. रेषेचा चुना अख्खा होता. आणि रेषेबाहेरची माती सारवलेल्या अंगणासारखी, तिच्यावर एकही खूण नव्हती.

हे मी बघितलं तेवढ्यात आमच्या पिवळ्या शर्टातल्या मुली उड्या मारत रेषेबाहेर आल्या, एकमेकींच्या गळ्यात पडल्या, नाचल्या. दहा-बारा पायांनी ती माती तुडवली. आता तिथे काय होतं आणि काय नव्हतं, ते जगात फक्त मला माहीत होतं.

"बाई, म्या आत हाय!" द्वारका उठून माझ्यासमोर आली. तिच्या कोपराला खरचटलं होतं. "पाय आत हुता माजा. तुमी बघा की!"

"जागेवर जा."

"आवो पर बघा तरी!"

वाघोलीची माणसं दोरीच्या आत आली. आप्पासाहेबांनी वेळ थांबवली, समोरच्या पंचांना बोलावलं. ते म्हणाले, मध्ये सगळ्यांचे पाय होते, मला काही दिसलं नाही, बाईंची बाजू आहे. आप्पासाहेब माझ्याकडे वळले. "बाई, दिसलं ना तुम्हाला?"

दिसलं होतं. त्यांनी विचारलं तेच खरं होतं, दिसलंच होतं मला. मी म्हटलं, "पाय बाहेर होता."

"बाईंनी वाजवली म्हणजे वाजली," मागून कुणीतरी ओरडलं आणि लोक हसले. वाघोलीची माणसं शिव्या देत दोरीबाहेर गेली. एकवीस-वीस. द्वारका बाहेर जाऊन बसली आणि गुडघ्यात डोकं घातलं.

खेळ सुरू झाला. माझ्या तोंडात शिट्टी होती. मी स्वतःला समजावत होते. माती ओली होती, खूण बुजली असेल. पाय अलगद टेकला असेल. माझी नजर सव्वीस वर्षांची आहे, त्या पोरीचं वय वीस. पडलो तरी नाक वर, म्हणतात ना, ते आतून कसं असतं ते मला तेव्हा कळलं. नाक वर ठेवायला फार ताकद लागते.

पुढची चढाई हडपसरची, डाव्या अर्ध्यात. काही झालं नाही. मग पुन्हा वाघोलीची, उजव्या अर्ध्यात, दुसरी एक मुलगी. मी कडेने सरकले. तिला पकडायला आमची कोपऱ्यातली मुलगी वाकली. तिचा पाय रेषेजवळ येणार हे मला ठाऊक होतं आणि मी मुद्दाम मान वळवली नाही. रेषेवर डोळा ठेवला. गाल फुगवले. खाली, कडेला, पिवळ्या पट्टीची चड्डी आणि तिच्याखालचा पाय रेषेबाहेरच्या मातीत टेकला. टेकला म्हणजे टेकलाच, कुणीही शपथ घेतली असती.

मी मान वळवली. पाय आत होता. हातभर आत.

पुन्हा रेषेकडे बघितलं. पाय बाहेर. मान वळवली. आत. तिकडे झटापट चालू होती, लोक ओरडत होते, आणि मी भांबावलेल्या पोरासारखी मान इकडेतिकडे करत उभी होते. बशी उजवीकडची, कप डावीकडचा. रेषा माझ्या उजव्या डोळ्यातली होती. पाय डाव्या डोळ्याने पट्टीतून उचलून आणला होता. डोक्याने दोन्ही मिळून एक चित्र केलं होतं आणि त्या चित्रावर मी एका मुलीला बाहेर बसवलं होतं. करीमभाई म्हणाले होते, पट्टीत दिसलं त्यावर हात टाकू नका. मी शिट्टी टाकली.

ती चढाई सुटली, मुलगी परत गेली. तीन मिनिटं उरली होती. कुणालाही काही कळणार नव्हतं. तीन मिनिटं गप्प राहिले असते तर पंच म्हणून शेवटचा सामना मानाने संपला असता, उद्या मी तब्येतीचं कारण सांगून घरी बसले असते, आणि ते बोलणं मैदानावर माझ्यामागे राहिलं असतं. मी हा हिशोब केला. केला नाही असं म्हणणार नाही.

पण द्वारकेने डोकं वर केलं होतं आणि ती माझ्याकडे बघत होती. तिच्या नजरेत रागही नव्हता. ती माझ्या पायांकडे, रेषेकडे आणि पुन्हा माझ्याकडे बघत होती, जणू आपलंच काही चुकलं का ते तपासत होती. माझ्या शिट्टीमुळे ती स्वतःच्या पायावर शंका घेत होती. मला ते सहन झालं नाही.

मी लांब शिट्टी वाजवली. दोन्ही हात वर केले. खेळ थांबला आणि मैदान एकदम शांत झालं, कारण अशी शिट्टी मी कधी वाजवली नव्हती.

आप्पासाहेबांच्या टेबलापर्यंत वीस पावलं होती. मी जाऊन म्हटलं, "मघाचा द्वारकेचा निर्णय मी मागे घेते. ती आत होती. गुण कापा, तिला परत घ्या."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "सव्वीस वर्षांनी आजच मुहूर्त लागला?"

"लागला."

आमच्या स्पर्धेची एक रीत आहे, ती आप्पासाहेबांनीच पाडलेली. फार पूर्वी एका बदललेल्या निर्णयावरून दगडफेक झाली होती, तेव्हापासून. निर्णय बदलला तर गुणपत्रकावर कारण लिहायचं, पंचाने सही करायची आणि ते कारण लाउडस्पीकरवरून जसंच्या तसं वाचून दाखवायचं. आप्पासाहेबांनी पेन उघडलं.

"कारण काय लिहू?"

मी गळ्यातल्या शिट्टीकडे बघितलं.

"पुनर्विचार, असं लिहितो," ते हळू आवाजात म्हणाले. एवढ्या वर्षांत ते माझ्याशी इतक्या हळू आवाजात कधी बोलले नव्हते. "लोक काय म्हणायचं ते म्हणतील. पुढच्या वर्षी विसरतील."

"नको. लिहा, पंचाला दिसलं नव्हतं."

"बाई, हे लिहिलं तर पुन्हा शिट्टी नाही. तुम्हाला माहीत आहे ना?"

"माहीत आहे. आणि ह्या पट्ट्या मोतीबिंदूच्या नाहीत. मला जानेवारीपासून डावीकडचं दिसत नाही. मी तुमच्याशी खोटं बोलले."

त्यांनी लिहिलं. मी कागदाच्या डाव्या कडेवर बोट ठेवलं, नाहीतर ओळीची सुरुवात सापडत नाही, आणि सही केली. मग शिट्टी गळ्यातून काढून कागदावर ठेवली. लाउडस्पीकर खरखरला. "पंच सुशीलाबाई हिंगणे यांनी आपला निर्णय मागे घेतला आहे. कारण, पंचाला दिसलं नव्हतं." वाचणाऱ्याला वाटलं आपण चुकीचं वाचलं, म्हणून त्याने पुन्हा वाचलं.

लोक ओरडतील असं मला वाटलं होतं. कुणी ओरडलं नाही. द्वारका मैदानात परत आली. माझ्या जवळून जाताना थांबली आणि म्हणाली, "मंग आदी का न्हाई बघितलं, बाई?" मी काही बोलायच्या आत ती निघून गेली. तिचं बरोबरच होतं. राखीव पंच माझ्या जागेवर गेले आणि खेळ सुरू झाला.

मी टेबलामागच्या खुर्चीवर बसले. मला रडू येत होतं आणि हलकंही वाटत होतं. आता घरी जाऊन उत्कर्षाला सांगायचं होतं, ती काय बोलेल ते मला पाठ होतं. पण निदान एक चूक निस्तरली, असं मी मनात म्हणत होते. मला थोडा अभिमानही वाटत होता, खोटं कशाला बोलू.

मग खालच्या पट्टीत काहीतरी हललं. गवतावर पावलं उमटल्यासारखी आली, पण गवत दबलं नाही. म्हणजे डावीकडे कोणीतरी आलं होतं. मी मान वळवली.

स्वारगेटची ललिता होती. आज तिचा सामना नव्हता. ती घरच्या साध्या पंजाबी ड्रेसमध्ये अंतिम सामना बघायला आली होती. हातात खारे दाणे होते, ते ती खात नव्हती.

"बाई," ती म्हणाली, "काल माझा पाय कुठे होता?"

काल. उजवा अर्धा. माझ्या बाजूची कड. मी रेषेवर डोळा ठेवून उभी होते. काल मान वळवली होती का, ते मी आठवायला लागले आणि मला आठवेना. पाय तेवढा आठवत होता, रेषेबाहेर, अगदी स्पष्ट. एका गुणाने हरलेला संघ. आज मैदानात पिवळ्या शर्टाच्या जागी ह्या पोरी असायच्या होत्या की नव्हत्या, ते मला कधीच कळणार नव्हतं.

"मला माहीत नाही, ललिता," मी म्हटलं.

तिने मान हलवली. "आत होता," ती म्हणाली. तक्रार म्हणून नाही, माहिती द्यावी तशी.

मला एकदम राग आला, तिचा की माझा ते समजेना. "मग काल का नाही बोललीस? हात जोडून निघून कशाला गेलीस? भांडायचं होतंस माझ्याशी!"

ललिता माझ्याकडे बघत राहिली. मी असलं काही विचारू शकते ह्याचंच तिला नवल वाटलं असावं.

"तुम्ही वाजवली होती ना, बाई," ती म्हणाली.